पाच जणांचा एक जीव : बाद होण्याच्या खेळातील डावपेचांचा इतिहास

१/ मराठी माणसाला कबड्डी समजावून सांगावी लागत नाही. परंतु या खेळाचे पूर्वी तीन निरनिराळे प्रकार होते, हे आता फारसे कोणाच्या स्मरणात नाही. 'संजीवनी'त प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक गडी उठे. 'अमर'मध्ये बाद झालेला गडीही मैदानातच राही, केवळ गुण मोजले जात. आणि 'गामिनी'त एकदा बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसून राही.

२/ आजचा धागा गामिनीच्या एका दूरच्या भावंडाविषयी आहे. संगणकावरील नेमबाजीच्या सांघिक स्पर्धेत पाच विरुद्ध पाच खेळाडू उतरतात आणि मारला गेलेला खेळाडू ती फेरी संपेपर्यंत परत येत नाही. एवढ्या एका नियमातून गेल्या पंचवीस वर्षांत डावपेचांचे एक शास्त्र उभे राहिले. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

३/ आरंभी असे नव्हते. १९९६ साली आलेल्या 'क्वेक' या खेळात मरण स्वस्त होते. मेलेला खेळाडू क्षणार्धात दुसरीकडे जिवंत होई. साहजिकच तिथला नायक एकटा असे. मे १९९७ मध्ये अमेरिकेत 'थ्रेश' या टोपणनावाने खेळणाऱ्या डेनिस फाँगने एक स्पर्धा जिंकली आणि क्वेकचा एक जनक जॉन कारमॅक याने आपली फेरारी मोटार त्याला बक्षीस दिली. एक माणूस, एक मोटार. संघाचा प्रश्नच नव्हता.

४/ नोव्हेंबर १९९८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचा 'हाफ-लाइफ' प्रसिद्ध झाला. त्याच्या पायावर मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी हौसेने एक नवा खेळ रचला आणि जून १९९९ मध्ये त्याची पहिली चाचणी आवृत्ती लोकांपुढे ठेवली. हाच 'काउंटर-स्ट्राइक'. पुढे व्हॉल्व्हने तो आपल्याकडे घेतला आणि नोव्हेंबर २००० मध्ये तो रीतसर बाजारात आला.

५/ या दोघांनी मृत्यूला किंमत दिली. फेरी सुमारे दोन मिनिटांची. हल्लेखोरांनी ठरावीक दोन ठिकाणांपैकी एका ठिकाणी बाँब लावायचा, रक्षकांनी ते रोखायचे, किंवा एका बाजूने दुसरीला समूळ बाद करायचे. जो गेला तो उरलेल्यांचा खेळ पाहत बसणार. एकाच्या उतावीळपणाचा दंड आता चौघांना भरावा लागणार होता.

६/ हा दंड नेमका किती? याचे उत्तर संगणकाच्या जन्मापूर्वीच दिले गेले होते. फ्रेडरिक लँचेस्टर हा इंग्रज अभियंता, मोटारी बनवणारा. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने विमानयुद्धाचा विचार केला आणि १९१६ च्या आपल्या ग्रंथात एक नियम मांडला : दुरून नेम धरून लढणाऱ्या सैन्याचे बळ त्याच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही, ते संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

७/ म्हणजे पाचांचे बळ २५ आणि चौघांचे १६. नेमबाजी दोन्हीकडे सारखीच असेल आणि ही लढाई शेवटपर्यंत गेली, तर पाचांच्या बाजूला ९ चे वर्गमूळ, म्हणजे तिघे उरतात. समोरचा एकही नाही. पाचास चार हा फरक दिसायला किरकोळ आहे, परिणामात तो निर्णायक आहे. पहिला गडी गमावणे इतके महाग का, याचे हे गणित.

८/ आता रक्षकांची अडचण पाहा. राखायच्या जागा दोन आहेत, म्हणून ते दोन आणि तीन असे विभागले जातात. पाच हल्लेखोर एकत्र येऊन आधी दोघांवर तुटून पडले, तर २५ वजा ४, म्हणजे २१ बळ उरते. मग तिघे धावून आले तर २१ वजा ९, म्हणजे १२. त्याचे वर्गमूळ साधारण साडेतीन. सारख्याच ताकदीचे दोन संघ, पण एकाचे तीन-चार गडी शिल्लक आणि दुसरा निःशेष. ट्राफलगरच्या १८०५ च्या आरमारी लढाईत नेल्सनने शत्रूची फळी फोडली, तिची चिकित्सा लँचेस्टरने याच नियमाने केली होती.

९/ अर्थात, खेळ हा कागदावरचा हिशेब नव्हे. रक्षकाला भिंतीची ओट असते, तो कोपरा धरून आधीपासून नेम लावून उभा असतो आणि घड्याळ त्याच्या बाजूने धावत असते. दोघांनी पंधरा सेकंद तग धरला तरी तिघे येऊन पोहोचतात. त्यामुळे साऱ्या डावपेचांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : हल्लेखोराने शत्रूला विभागलेले ठेवायचे, आणि रक्षकाने खरा हल्ला कोठे होणार हे वेळेत ओळखून एकत्र यायचे. पावलांचे आवाज, हुलकावणी, मुद्दाम चुकीच्या दिशेला फेकलेला धूर, हे सारे त्यासाठी.

१०/ आणि आत शिरणारा पहिला? त्याला 'एंट्री' म्हणतात. तो बहुधा मरणार, हे सर्वांना ठाऊक असते, त्यालाही. म्हणून दुसरा खेळाडू त्याच्या मागे काही पावलांवर असतो. पहिल्याला मारण्यासाठी शत्रू उघडा पडला की त्याच क्षणी दुसरा त्याला टिपतो. याला 'ट्रेड' म्हणतात. पाचास चार झालेली लढाई चारास चार होते. मागचा दोन सेकंद उशिरा आला, तर तोच मृत्यू निव्वळ वाया जातो. गुणफलकावर एंट्रीचे आकडे नेहमी वाईट दिसतात. संघाला त्याची खरी किंमत कळत असते.

११/ या खेळात दुसरे गणित पैशांचे. सामन्याच्या आरंभी प्रत्येकाच्या हाती ८०० डॉलर. २०१२ मध्ये आलेल्या 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह' या आवृत्तीत एके-४७ ची किंमत २,७०० आणि शिरस्त्राणासह चिलखताची १,०००. फेरी हरली तर भरपाई १,४०० पासून सुरू होते आणि सलग पराभवांत ती ३,४०० पर्यंत चढत जाते. जगलेला खेळाडू आपले शस्त्र पुढच्या फेरीत नेतो, मेलेल्याला ते पुन्हा विकत घ्यावे लागते.

१२/ यातून एक विलक्षण शिस्त जन्मली. पाचपैकी दोघांकडे पैसे असतील आणि तिघांकडे नसतील, तर ते दोघेही खर्च करत नाहीत. सगळे मिळून एक फेरी जवळजवळ रित्या हाताने खेळतात, म्हणजे पुढच्या फेरीत पाचही जण पूर्ण सज्ज असतात. एकटा खेळाडू तिघांसमोर सापडला तर पुष्कळदा तो लढतच नाही. महागडी बंदूक घेऊन कोपऱ्यात दडून राहतो. नवख्या प्रेक्षकाला हा भेकडपणा वाटतो. प्रत्यक्षात तो संघाची ठेव राखत असतो.

१३/ ही विद्या प्रथम ज्यांनी जगापुढे मांडली त्यांत स्वीडनचे खेळाडू अग्रभागी होते. डिसेंबर २००१ मध्ये डॅलस येथे सीपीएल या संस्थेच्या स्पर्धेत 'निंजाज इन पजामाज' संघ विजयी झाला. एमिल 'हीटन' क्रिस्टेन्सेन आणि टॉमी 'पोटी' इंगेमार्सन ही त्यातील गाजलेली जोडी. आपल्याकडेही त्या दशकात मुंबई-पुण्याच्या सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने हाच खेळ रंगत असे.

१४/ २०१२ मध्ये त्याच नावाने स्वीडिश संघ पुन्हा उभा राहिला आणि प्रत्यक्ष एकत्र जमून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांत त्याने सलग ८७ नकाशे जिंकले. त्यातील क्रिस्टोफर 'गेट_राइट' अलेसुंड हा 'लर्कर' म्हणून प्रख्यात. चौघे एकीकडे गेले की हा एकटा दुसरीकडे निःशब्द थांबे आणि शत्रू मदतीला धावू लागला की त्याच्या पाठीवर उतरे. शत्रूला विभागलेले ठेवण्याचे काम एकट्या माणसाने करावे, ते असे. एप्रिल २०१३ मध्ये पोलंडच्या व्हर्टस.प्रो संघाने ही मालिका तोडली.

१५/ मात्र डावपेच कोठे संपतो आणि लबाडी कोठे सुरू होते? नोव्हेंबर २०१४, स्वीडनमधील यंशोपिंग, ड्रीमहॅक विंटर स्पर्धेची उपान्त्यपूर्व फेरी. फ्रान्सच्या एलडीएलसीविरुद्ध स्वीडनचा फ्नॅटिक निर्णायक नकाशावर ३-१३ असा मागे होता. तेव्हा त्यांचे तीन खेळाडू एकमेकांच्या खांद्यांवर चढले आणि वरच्याला अशी जागा लाभली जिथून नकाशाचा मोठा भाग दिसे, पण त्याच्यावर उलट नेम धरणे दुरापास्त होई. दहीहंडीचा थरच तो, पण नकाशाच्या रचनेतील दोषावर रचलेला. फ्नॅटिकने सामना १६-१३ असा जिंकला.

१६/ तक्रार झाली. आयोजकांनी अखेर तो नकाशा पुन्हा खेळवण्याचे ठरवले. फ्नॅटिकने माघार घेतली, एलडीएलसी पुढे गेला आणि त्याने ती स्पर्धाही जिंकली. कोणी म्हणाले, दोष रचनाकारांचा, शोधणाऱ्याचा काय अपराध? कोणी म्हणाले, ज्याला उत्तरच देता येत नाही तो डावपेच कसला? मला दुसरे मत अधिक पटते. खेळातला डाव म्हणजे समोरच्याला विचारलेला प्रश्न. त्याला उत्तर असणे शक्य असले पाहिजे, मग ते कितीही अवघड असो.

१७/ पुढचा वाद आवाजाचा. तोवर अनेक संघांत पाच खेळाडूंच्या मागे सहावा, म्हणजे प्रशिक्षक, उभा राहून सामन्याचे सूत्रसंचालन करू लागला होता. पैशाचा हिशेब तो ठेवी, शत्रूच्या सवयी तो सांगे. खेळाडूंनी फक्त नेम धरायचा. ऑगस्ट २०१६ मध्ये व्हॉल्व्हने हे थांबवले. आपल्या स्पर्धांत प्रशिक्षकाने सामन्यापूर्वीच्या सरावात, मध्यंतरात आणि ३० सेकंदांच्या चार विश्रांतींतच बोलावे, असा नियम आला. विचार करण्याचे ओझे पुन्हा पाचांवर पडले.

१८/ हे ओझे ज्यांनी सर्वांत उत्तम पेलले तो संघ डेन्मार्कचा, अ‍ॅस्ट्रालिस. २०१६ च्या आरंभी स्थापन झाला तेव्हा मोठ्या सामन्यांत ऐन वेळी कच खाणारे खेळाडू अशीच त्यांची ख्याती होती. त्यांनी मिया स्टेलबर्ग या क्रीडामानसशास्त्रज्ञेची मदत घेतली. लुकास 'ग्लेव्ह' रोसांडर कर्णधार झाला, डॅनी 'झॉनिक' सोरेन्सेन प्रशिक्षक होताच. जानेवारी २०१७ मध्ये अटलांटा येथे व्हर्टस.प्रोविरुद्धच्या अंतिम सामन्याचा शेवटचा नकाशा त्यांनी १६-१४ असा खेचून आणला.

१९/ त्यांचे खरे योगदान बाँबगोळ्यांच्या वापरात आहे. प्रत्येक खेळाडू चार गोळे बाळगू शकतो, म्हणजे संघाकडे वीस. धुराचा पडदा सुमारे १८ सेकंद टिकतो, चमक काही क्षण आंधळे करते, आग कोपरा रिकामा करायला लावते. अ‍ॅस्ट्रालिसने हे वीस गोळे एका सुरात वाजवले. धुराने रक्षकांना एकमेकांपासून तोडायचे, आगीने ओट सोडायला लावायची, चमक फुटताच आत शिरायचे. लँचेस्टरचे गणित त्यांनी बंदूक उचलण्यापूर्वीच आपल्या बाजूला झुकवून ठेवले होते.

२०/ सप्टेंबर २०१८ मध्ये लंडन, मार्च २०१९ मध्ये कातोवित्से, सप्टेंबर २०१९ मध्ये बर्लिन. 'मेजर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्वोच्च स्पर्धा त्यांनी लागोपाठ तीन वेळा जिंकल्या. अटलांटा धरून चार. तोपर्यंत हे कोणालाच साधले नव्हते.

२१/ आणि मग २०२०. मे महिन्यात रोसांडर आणि त्याचा सहकारी आंद्रेयास 'झिप९एक्स' हॉइस्लेथ हे दोघे अतिताणामुळे रजेवर गेले. सप्टेंबरमध्ये आणखी एक धक्का बसला. खेळातील एका दोषामुळे प्रशिक्षकाला नकाशावरील एका जागी थांबून शत्रूच्या हालचाली पाहता येत होत्या. त्याचा वापर केल्याबद्दल ईएसआयसी या संस्थेने ३७ प्रशिक्षकांवर बंदी घातली. शिस्तीच्या शिखरावर माणसे थकली होती आणि ज्यांनी शिस्त शिकवायची त्यांच्यापैकी काहींनी लबाडीची वाट धरली होती.

२२/ सप्टेंबर २०२३ मध्ये नवी आवृत्ती आली आणि विजयासाठी लागणाऱ्या फेऱ्या १६ वरून १३ झाल्या. फेऱ्या कमी, म्हणून प्रत्येक चूक अधिक महाग. रिकाम्या हाताने खेळायची फेरी आता पूर्वीइतकी परवडत नाही. पंचवीस वर्षांत खेळाची दिशा एकच राहिली आहे : मृत्यूची किंमत वाढवत नेणे.

२३/ आपल्या घरांतून आज असंख्य मुले मोबाइलवर असे खेळ खेळतात. 'नुसत्या गोळ्या झाडतात' एवढेच मोठ्यांना दिसते, आणि तासन्‌तास पडद्यापुढे बसण्याविषयीची त्यांची चिंता खोटी नाही. पण जे मूल चांगले खेळते ते आणखी काही शिकत असते : आपल्याकडे असूनही खर्च न करणे, दुसऱ्याला वाट करून देण्यासाठी पुढे होणे, आणि पुढे गेलेल्याच्या मागे वेळेवर पोहोचणे. यांतले शेवटचे सर्वांत अवघड.

२४/ गामिनीत बाहेर बसलेला गडी आत काही करू शकत नसे, पण त्याचे बाद होणे सार्थकी लागले की वाया गेले, हे आत उरलेले ठरवीत. काउंटर-स्ट्राइकमध्येही तेच. पहिला गेल्यावर दुसऱ्याने काय केले, याचाच हा सारा इतिहास आहे.

धागा समाप्त. कबड्डीचे हे जुने प्रकार आपल्या गावी कोणत्या नावांनी खेळले जात, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून जरूर कळवावे.