डहाणू-तलासरीची हलती भूमि

डहाणू म्हटलें कीं मुंबईकराच्या डोळ्यांपुढें चिकूच्या बागा, समुद्रकिनारा आणि महालक्ष्मीचा सुळका उभा राहतो. या सुळक्याच्या पलीकडची, तलासरीपर्यंत पसरलेली डोंगराळ भूमि एके दिवशीं कांपूं लागेल, असें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. नोव्हेंबर 2018 मध्यें तें घडलें. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांत जमिनीखालीं सुरुंग उडाल्यासारखा आवाज होई आणि मागोमाग धक्का बसे. एक धक्का विसरावा तों दुसरा येई.

महाराष्ट्राला भूकंप नवा नव्हे. 11 डिसेंबर 1967 रोजीं कोयनानगर पहाटे उद्ध्वस्त झालें. 30 सप्टेंबर 1993 रोजीं किल्लारीची तीच गत झाली. परंतु ते एका घावाचे भूकंप होते. डहाणूस लहानमोठ्या धक्क्यांची मालिका लागली. तींत मुख्य धक्का कोणता, पुढें याहून मोठा येणार कीं नाहीं, हें मालिका चालू असतां कोणासच सांगतां येत नाहीं. 1 फेब्रुवारी 2019 रोजीं 4.1 मापाचा धक्का बसला. माणसें घराबाहेर धांवलीं आणि त्या धांवपळींत दोन वर्षांची एक मुलगी पडून दगावली. ऐन थंडींत अनेक कुटुंबें उघड्यावर निजूं लागलीं. सरकारनें तंबू दिले. घर असून अंगणांत रात्र काढणें ही कसली शिक्षा आहे, हें पक्क्या इमारतींत राहणाऱ्यास सहसा उमगणार नाहीं.

डोंगरांतील दुसऱ्या एका संकटाशीं याची तुलना उद्‌बोधक आहे. बर्फाच्या प्रदेशांत हिमस्खलनाचा अभ्यास करणारा मनुष्य फावड्यानें खड्डा खणतो, बर्फाचे थर उघडे करतो व कोणता थर कच्चा आहे तें डोळ्यांनीं पाहतो. स्वित्झर्लंडांत दावोसच्या वरील डोंगरावर 1936 सालापासून हें काम पद्धतशीरपणें सुरू झालें. भारतानेंहि 1969 मध्यें मनाली येथें त्यासाठीं संस्था स्थापिली. म्हणूनच अमुक उतारावर आज जाऊं नये, असा इशारा तेथें देतां येतो. डहाणूचा कच्चा थर मात्र कित्येक किलोमीटर खालीं, काळ्या कातळाच्याहि तळाशीं आहे. तेथवर कोणाचें फावडें पोंचणार?

तरी शास्त्रज्ञ स्वस्थ बसले नाहींत. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनें या भागांत भूकंपमापक यंत्रें बसविलीं. पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपतें, तेथील दाब वाढवितें आणि आधींच ताणलेला खडक सरकतो, असें एक मत आहे. शेजारच्या वलसाड भागांत 1986 च्या सुमारास अशीच मालिका झाली होती. 1983 मध्यें भातसा धरणाच्या परिसरांतहि जमीन हादरली होती. म्हणजे पश्चिम किनाऱ्याच्या या पट्ट्याला ही खोड जुनीच आहे.

घटकेचें भाकीत होत नसलें, तरी भिंतीचें करतां येतें. कारवीच्या काठ्यांवर माती-शेण लिंपलेली वारली घराची कूड हलते, क्वचित् लवते. पण तिचें वजन थोडें, आंतला लांकडी सांगाडा तिला धरून ठेवतो. पैसा हातीं आल्यावर जो तो विटांची भिंत उभारतो, आणि खांब व पट्टी यांचा खर्च तेवढा टाळतो. वरून भक्कम दिसणारी ही भिंत आडव्या हिसक्यानें उभी चिरते. वारल्यांचें जुनें घर दरिद्री खरें, पण याबाबतींत तें नव्यापेक्षां शहाणें होतें.

जुलै 2019 मध्यें रात्रीच्या धक्क्यानें डहाणू तालुक्यांतील एका पाड्यावर घराची भिंत कोसळली व एक मनुष्य मरण पावला. तो धक्का चार मापाच्या आंतलाच होता.