चाक उशिरा पोचलेला मुलूख

पुण्याहून सायकलवर निघणाऱ्यांना भोर आणि वेल्ह्याचे रस्ते आता चांगलेच ठाऊक झाले आहेत. रविवारी सकाळी नसरापूर फाट्यावर चहा पिणारी हेल्मेटवाली मंडळी हमखास भेटतात. कुणी मार्गासनीवरून वेल्ह्याला निघालेलं असतं, कुणी खानापुराकडून पाबे घाट चढून यायच्या बेतात, तर कुणी भोर ओलांडून वरंध्याकडे. त्यांच्या गप्पा चढ किती, उतार किती, डांबर कसं, अशा. मला मात्र सायकल चालवताना वेगळाच प्रश्न छळतो. हा रस्ता इथंच का वळला? आयुष्य इतिहास शिकवण्यात गेलं, त्यामुळे लागलेली ही खोड. आज तुमच्याशी त्या खोडीविषयीच बोलायचं आहे.

आधी थोडं दगडाविषयी. युरोपातले सायकलस्वार आल्प्समधल्या चुनखडीच्या डोंगरांचं फार कौतुक करतात. चुनखडीत पाणी मुरतं, खडक विरघळतो, पोटात गुहा होतात, एखादी नदी मधेच गडप होते. आपला सह्याद्री त्या जातीचा नाही. हा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. थराचा कठीण भाग कडा होऊन उभा राहिला आणि ठिसूळ भाग झिजून त्याची उतरती पायरी झाली. वेल्ह्याच्या बाजारपेठेतून तोरण्याकडे पाहिलं की या पायऱ्या नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. पाणी आत फार मुरत नाही, वाहून जातं. म्हणून जुलैत जिथं तिथं धबधबे आणि एप्रिलमध्ये हंड्यांची रांग. सायकलवाल्याला हे भूगोलाच्या पुस्तकावाचून पायांतून कळतं. बराच वेळ नदीकाठची सपाट पट्टी, आणि मग एकदम छातीवर येणारा चढ.

या पट्ट्या म्हणजेच जुनी मावळं. कानंदीचं कानद खोरं, गुंजवणीचं गुंजण मावळ, वेळवंडीचं वेळवंड खोरं, नीरेच्या अंगाला हिरडस मावळ आणि रोहिड खोरं. नावं बहुतेक नद्यांची, आणि एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर खिंड ओलांडायची. खाली कोकणात उतरायला घाट आणि नाळा होत्या. मढे घाट, उपांड्या, शेवत्या, बोराट्याची नाळ. मीठ, नारळ, सुकी मासळी बैलांच्या पाठीवर वर यायची, धान्य खाली जायचं. मोठ्या माणसांसाठी फार तर पालखी. चाकाला या वाटांवर काम नव्हतं. बैल पाठीवर गोणी घेऊन जो चढ चढतो, तो चढ गाडी ओढून त्याला चढवत नाही.

इथं मला एक गोष्ट आग्रहानं सांगावीशी वाटते. गाडीरस्ता नसणं हे या मुलखाचं मागासलेपण नव्हतं, ते त्याचं संरक्षण होतं. शिवाजी महाराजांनी राजगडावर जवळपास पंचवीस वर्षं राजधानी ठेवली, ती काही केवळ हवा चांगली म्हणून नव्हे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले आणि बारा राहिले, त्या बारांत राजगड आणि तोरणा होते. आग्र्याहून निसटल्यावर १६६६ मध्ये महाराज परतले तेही राजगडावरच. हत्ती, उंट, तोफा आणि तंबूंचा पसारा घेऊन चालणाऱ्या फौजेला ही खोरी नकोशी वाटत.

याचा उत्तम पुरावा शत्रूनंच देऊन ठेवला आहे. १७०३ च्या अखेरीस खुद्द औरंगजेब राजगडावर चालून आला, तेव्हा पुण्याकडून इकडे यायची वाट फोडायला त्याला आधी माणसं पाठवावी लागली. बादशाही सरंजामाला जाता येईल अशी वाट होईना. १७०४ मध्ये राजगड आणि पाठोपाठ तोरणा त्यानं घेतला खरा, पण थोड्याच काळात तो मुलूख मराठ्यांकडे परत आला. तो परत आणणाऱ्यांतले प्रमुख शंकराजी नारायण सचिव. भोर संस्थानच्या पंतसचिव घराण्याचे हे मूळ पुरुष. पुढे शाहू की ताराबाई, असा निष्ठेचा पेच त्यांच्यापुढे आला आणि १७०७ मध्ये त्यांचा अंत झाला. भोरजवळच्या आंबवड्याला त्यांची समाधी आहे. रायरेश्वराकडे जाणारे सायकलवाले आंबवड्याचा झुलता पूल बघतात, फोटो काढतात आणि पुढं जातात. समाधीपाशी थांबणारे थोडे.

चाकासाठी घाट बांधायचं काम इंग्रजी अमलात सुरू झालं. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात बोरघाटातून गाड्या जाऊ लागल्या. चढ लांबवायचा, वळणं घालायची, पण बैलाच्या खांद्याला झेपेल इतकाच उतार ठेवायचा, ही ती विद्या. पुढे याच विद्येनं भोर-महाड रस्ता वरंध घाटातून उतरला. घाट बघायचा तर सायकलवरूनच बघावा. निगुडघर, हिरडोशी मागं पडतात, नीरेचं पात्र लहान होत जातं आणि मग रस्ता कावळ्या किल्ल्याच्या अंगाखांद्यावरूनच जातो. घाट राखण्यासाठी ज्या किल्ल्याची नेमणूक, त्याच्याच धारेतून इंजिनिअरनं वाट काढली. मला हा इतिहासाचा फार मिस्किल विनोद वाटतो. मात्र पावसाळ्यात तिकडे जाऊ नये. दरडी कोसळतात, अलीकडच्या वर्षांत घाट त्या काळात बंदही ठेवला जातो. २२ जुलै २०२१ ला याच डोंगरांच्या खालच्या अंगाला, महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून केवढा अनर्थ झाला, ते आपण विसरलेलो नाही.

मढे घाटात मात्र बैलवाटेचा तोल अजून कळतो. वेल्ह्याहून केळदपर्यंत सायकल नेता येते, पुढं उतरायचं ते पायांनी. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडाहून याच वाटेनं उमरठला नेला, अशी परंपरा सांगते.

आता त्या वळणांकडे येतो. भाटघर जलाशयाच्या कडेनं भुतोंड्याकडे जाणारा रस्ता सायकलवाल्यांचा मोठा लाडका. तो प्रत्येक ओहोळाच्या पोटात शिरतो आणि परत बाहेर येतो. समोरची वस्ती हाकेच्या अंतरावर दिसते, पण पोचायला वेळ लागतो. रस्ता आखणाऱ्याला नागमोडी रेघ आवडत होती म्हणून हे झालेलं नाही. खोऱ्याच्या तळातून जाणारी जुनी सरळ वाट पाण्याखाली गेली, म्हणून माणसांना डोंगराच्या कुशीकुशीनं जावं लागलं. भाटघरला पहिलं धरण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झालं. मग त्याहून कितीतरी मोठं लॉइड धरण १९२७-२८ च्या सुमारास पुरं झालं. जमीन भोर संस्थानातली, पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती, फलटणकडे. पिकाऊ भातखाचरं तळात होती, ती गेली. उरला तो वरकस डोंगर. खाली ऊस उभा राहिला, हेही खरंच आहे आणि त्यानं कित्येक घरं सुखी झाली. पण हिशेबाची वही दोन्ही बाजूंनी वाचली पाहिजे.

गंमत पाहा. भाटघरची भिंत चढत होती त्याच काळात मुंबईचे पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करत होते. १५ ऑक्टोबर १९२३ ला सहा जण निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे प्रदक्षिणा पुरी करून मार्च १९२८ मध्ये परतले. जग सायकलच्या टप्प्यात आलं, त्याच सुमारास वेळवंड खोऱ्यातल्या माणसाला शेजारचं गाव लांब झालं.

स्वातंत्र्यानंतरही ही गोष्ट थांबली नाही. आंबी नदीवरचं पानशेत धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, ते पुण्याच्या आठवणीत राहिलं कारण पूर पुण्यात आला. धरण पुन्हा बांधलं गेलं. पण त्याच्या पोटातल्या गावांची आठवण पुण्यात कितीजणांना आहे? मोसे नदी वरसगावला अडली, नीरा देवघरला, कानंदी गुंजवणी धरणात. जलाशयांना नावं दिली ती मावळच्या वीरांची. भाटघरला येसाजी कंक, वरसगावला बाजी पासलकर, पानशेतला तानाजी. येसाजी भुतोंड्याचे, पासलकर मोसे खोऱ्याचे देशमुख. ज्या खोऱ्यांनी ही माणसं दिली, त्यांच्यावरच्या पाण्याला त्यांची नावं. २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय झाला. नावाच्या बाबतीत आपण उदार आहोत.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली आणि तिच्यासाठी जिल्ह्यातले बरेच रस्ते गुळगुळीत झाले. मला त्याचा आनंदच आहे. चांगल्या रस्त्यावरून दुधाची किटली जाते, आजारी माणूसही दवाखान्यात लवकर पोचतो. फक्त ज्यांना वेळ आहे त्यांनी शर्यतीच्या वेगानं जाऊ नये.

भाटघरच्या बाजूला जायचं तर मे महिना निवडावा. ऊन कडक असतं, तेव्हा पहाटेच निघावं आणि पाणी भरपूर बरोबर घ्यावं. जलाशय खाली जातो, काठाचा गाळ भेगाळतो आणि कांबरे गावाजवळ वर्षातले बहुतेक महिने पाण्यात असणारं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. दोन-एक महिने लोक दर्शनाला येतात, मग पाऊस सुरू होतो आणि देऊळ पुन्हा दिसेनासं होतं. डांबरी रस्ता तिथवर नाही. सायकल वर झाडाखाली लावून गाळातून चालत जावं लागतं.