डमी लोड

डमी लोड किंवा कृत्रिम भार हे रेडिओ ट्रान्समीटरच्या चाचणीसाठी ॲन्टेनाच्या जागी जोडले जाणारे साधन आहे. ट्रान्समीटरमधून येणारी रेडिओ-वारंवारतेची ऊर्जा अवकाशात न सोडता ते तिचे उष्णतेत रूपांतर करते. त्यामुळे प्रक्षेपण न करता ट्रान्समीटरची शक्ती मोजता येते, त्याची जुळणी करता येते आणि दोष शोधता येतात. हौशी रेडिओच्या क्षेत्रात हे साधन घरी बनवण्याची प्रथा जुनी आहे.

गरज

ट्रान्समीटरच्या निर्गमाला काहीही न जोडता तो चालू केल्यास ऊर्जा परावर्तित होते आणि अंतिम टप्प्यातील ट्रान्झिस्टर क्षणार्धात निकामी होऊ शकतात. जुने व्हॉल्व्हचे संच असा ताण काही काळ सोसत असत. ॲन्टेना जोडून चाचणी केल्यास संच वाचतो, परंतु त्या वारंवारतेवर चाललेल्या इतरांच्या संभाषणात व्यत्यय येतो. पूर-भूकंपाच्या काळात हौशी संचालक आपत्कालीन संदेश वाहून नेत असताना असा व्यत्यय केवळ उपद्रव राहत नाही. डमी लोडमुळे हे दोन्ही प्रश्न सुटतात. परवान्याची अट मात्र सुटत नाही. भारतात ट्रान्समीटर नुसता बाळगण्यासाठीही परवाना आवश्यक असतो.

तत्त्व

बहुतेक हौशी ट्रान्समीटर ५० ओहमच्या भारासाठी रचलेले असतात, म्हणून डमी लोडचा रोधही ५० ओहम ठेवतात. हा रोध सर्व वारंवारतांना आणि सर्व तापमानांना सारखाच राहावा ही खरी कसोटी होय. बॅटरीवर चालणाऱ्या मल्टिमीटरने ५० ओहम दाखवले म्हणजे रेडिओ-वारंवारतेलाही तेवढेच असतील असे नाही. गुंडाळलेल्या तारेचा रोधक प्रत्यक्षात एक कॉइल असतो. त्याचे प्रवर्तन ५ मायक्रोहेन्री धरले तर ७ मेगाहर्ट्‌झला त्यापासून सुमारे २२० ओहमचा अवरोध निर्माण होतो आणि मूळचे ५० ओहम त्यात झाकले जातात. साध्या रोधकाच्या लांब ठेवलेल्या पायांनीही हेच घडते: अवघे ०.१ मायक्रोहेन्री प्रवर्तन ३.५ मेगाहर्ट्‌झला २ ओहमच्या आसपास असते, पण ३० मेगाहर्ट्‌झला १९ ओहमपर्यंत जाते. या कारणाने कार्बन किंवा मेटल ऑक्साइड प्रकारचे रोधक निवडतात.

पूर्वी विजेचा दिवा भार म्हणून वापरत. प्रकाशावरून शक्तीचा अंदाज येत असे, परंतु दिव्याच्या तारेचा रोध थंड असताना तापलेल्या अवस्थेच्या सुमारे एक दशांश असतो. शिवाय उघडा दिवा थोडेफार प्रक्षेपणही करतो.

बांधणी

प्रचलित रचनेत १००० ओहमचे, प्रत्येकी २ वॅटचे २० रोधक समांतर जोडतात. त्यांचा एकत्रित रोध ५० ओहम आणि उष्णता सोसण्याची क्षमता ४० वॅट होते. एकच मोठा रोधक घेण्याऐवजी अनेक लहान घेण्यामागे दुहेरी लाभ आहे: प्रत्येकाचे प्रवर्तनही समांतर आल्याने जवळपास विसाव्या हिश्श्यावर येते आणि उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग वाढतो. रोधक ५ टक्के अचूकतेचे असले तरी एकत्रित रोध ४७.५ ते ५२.५ ओहमच्या मर्यादेत राहतो, म्हणजे स्थिर तरंग गुणोत्तर फार तर १.०५ होते.

तांब्याच्या पत्र्याच्या दोन गोल चकत्यांना समोरासमोर भोके पाडून त्यांत रोधकांचे पाय घालतात आणि ते शक्य तितके आखूड ठेवून सोल्डर करतात. एक चकती सॉकेटच्या मध्यपिनेला व दुसरी त्याच्या बाहेरच्या धातूला जोडली जाते. रोधकांमध्ये हवा खेळण्यापुरते अंतर हवे. सर्व रचना धातूच्या बंद डब्यात ठेवतात. डबा नसल्यास ती छोट्या ॲन्टेनासारखी वागते आणि जवळपासच्या संचांवर संकेत ऐकू येतो. हैदराबादचे अशर फरहान यांच्या बिटएक्ससारख्या, काही वॅट शक्तीच्या संचांना एवढा भार पुरून उरतो.

तेलाचा डबा

अधिक शक्तीसाठी रोधक तेलात बुडवतात. अमेरिकेतील हीथकिट कंपनीचा ‘कॅन्टेना’ हा याच पद्धतीचा संच होता: रंगाच्या डब्यासारखा एक गॅलनचा डबा, त्यात रोधक आणि ग्राहकाने भरायचे तेल. तेल उष्णता नाहीशी करत नाही, केवळ साठवते. १ लिटर तेलात १०० वॅट सोडल्यास तापमान मिनिटाला साधारण साडेतीन अंशांनी वाढते. ४ लिटरमध्ये १००० वॅट सोडल्यास सुमारे ९ अंशांनी. तापलेले तेल प्रसरण पावते, म्हणून झाकणाला छिद्र ठेवणे अत्यावश्यक असते.

तेल नवे, खनिज स्वरूपाचे असावे. भंगारातील जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेल्या तेलात पीसीबी ही विषारी, दीर्घकाळ टिकणारी रसायने असू शकतात. २००१ च्या स्टॉकहोम करारात त्यांचा समावेश आहे. खाद्यतेल कालांतराने खवट व चिकट होते.

शक्तिमापन

भारावर एक डायोड व धारित्र जोडून शिखर विद्युतदाब मोजता येतो. ५० ओहमसाठी त्या दाबाच्या वर्गाला १०० ने भागले की शक्ती वॅटमध्ये मिळते. १० वॅटला दाब ३१.६ व्होल्ट असतो. सिलिकॉन डायोडवर घटणारे सुमारे ०.६ व्होल्ट वाचनात मिळवावे लागतात, अन्यथा कमी शक्तीच्या मापनात मोठी चूक होते. डायोडवर उलट दिशेने शिखराच्या दुप्पट दाब येतो. १एन४१४८ हा परिचित डायोड १०० व्होल्टच सोसतो, त्यामुळे तो २० वॅटपर्यंत सुरक्षित आहे, ४० वॅटला नाही.

मर्यादा

पूर्ण शक्तीचा वापर काही सेकंदांपुरताच करून मध्ये थांबणे इष्ट असते. अति तापलेल्या कार्बन रोधकांचे मूल्य कायमचे बदलते. वीसपैकी एक रोधक जळाल्यास एकूण रोध जेमतेम ५२.६ ओहम होतो, त्यामुळे बिघाड सहज लक्षात येत नाही आणि उरलेल्यांवरचा ताण वाढत जातो. म्हणून मल्टिमीटरने नियमित तपासणी करतात.

स्थिर तरंग गुणोत्तर १ असणे म्हणजे ॲन्टेना उत्तम, हा समजही डमी लोडवरून खोटा ठरतो. त्याचे गुणोत्तर जवळजवळ परिपूर्ण असते आणि तो काहीच प्रक्षेपित करत नाही.