बद्ध एन्झाइम : चौघांची एकजूट महत्त्वाची

कापडाचे विरंजन झाल्यावर त्यात उरलेला हायड्रोजन पेरॉक्साइड रंग नीट चढू देत नाही. कॅटालेज हे एन्झाइम त्याचे पाणी व ऑक्सिजन यांत विघटन करते. एन्झाइम पुन:पुन्हा वापरता यावे, यासाठी ते घन आधारावर जखडून ठेवतात. त्यालाच 'बद्ध एन्झाइम' म्हणतात.

गाईच्या यकृतातील कॅटालेज १९३७ मध्ये समनर व डाउन्स यांनी स्फटिकरूपात मिळवले. त्याचा रेणू चार उपघटकांचा असून प्रत्येकात लोहयुक्त हीम असते. चारही उपघटक एकत्र असले, तरच रेणू पूर्ण क्षमतेने काम करतो. आधाराशी एकच उपघटक जोडला गेल्यास उरलेले सुटून वाहून जाऊ शकतात. विरल द्रावणात हा धोका अधिक. परिणामी क्रियाशीलता घटते आणि सुटलेली प्रथिने उत्पादनात मिसळतात.

उपाय दुहेरी आहे. प्रथम शक्य तितके उपघटक आधाराशी अनेक ठिकाणी जोडायचे. नंतर ग्लुटारल्डिहाइडसारख्या रसायनाने सर्व उपघटक परस्परांशी बांधायचे. मात्र बंध अति झाल्यास रेणूचा आकार बिघडतो आणि काम मंदावते. म्हणूनच आधार व पद्धत ठरविण्यापूर्वी एन्झाइमची उपघटक-रचना जाणून घेणे आवश्यक ठरते.