वाचाघातावरील गायनोपचार

मेंदूच्या डाव्या गोलार्धाचा रक्तपुरवठा खंडित झाल्यामुळे किंवा तेथे रक्तस्राव झाल्यामुळे ज्या रुग्णाची वाक्य रचून उच्चारण्याची शक्ती लोपली आहे, परंतु ऐकलेले समजण्याची शक्ती बव्हंशी शाबूत आहे, अशा रुग्णास त्याच्या नित्य गरजेची वाक्ये प्रथम सुरात, नंतर तालात आणि शेवटी बोलण्याच्या स्वाभाविक ढंगात म्हणावयास लावून त्याची वाणी अंशतः परत मिळवून देणारी उपचारपद्धती. अमेरिकेतील बॉस्टन येथे १९७३ मध्ये प्रसिद्धीस आलेल्या या पद्धतीचे मूळ नाव ‘मेलॉडिक इंटोनेशन थेरपी’ असे आहे. संगीताने मन प्रसन्न होते हा सार्वत्रिक अनुभव निराळा आणि ही पद्धती निराळी. येथे स्वर व ताल ही औषधद्रव्ये असून त्यांची मात्रा, क्रम आणि मुदत ही सर्व ठरलेली असतात.

लोकव्यवहारात ज्यास ‘वाचा बसणे’ म्हणतात तो वाचाघात उजव्या अंगाच्या पक्षाघाताबरोबर पुष्कळदा येतो. स्वतःच्या मुलाचे नाव ज्याच्या ओठांवर येत नाही, पाणी हवे एवढेही ज्याला सांगता येत नाही, तोच रुग्ण सायंकाळी घरात आरती सुरू होताच सर्वांबरोबर स्पष्ट शब्दांत ती म्हणू लागतो, हे दृश्य ज्या कुटुंबाने पाहिले आहे, त्याला या उपचाराचे बीज कोठे आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

या घटनेचा एक जुना आणि अत्यंत बोलका दाखला स्वीडनमधील आहे. ओलोफ दालिन या लेखकाने १७४५ मध्ये एका शेतकऱ्याच्या मुलाची हकीकत नोंदवून ठेवली आहे. आजारात या इसमाचे उजवे अंग लुळे पडून त्याची वाचा पूर्ण गेली होती. परंतु आजारापूर्वी पाठ केलेली काही स्तोत्रे, आरंभी दुसऱ्या कोणी थोडा हात दिल्यास, तो निर्दोष गाऊ शके, आणि काही प्रार्थनाही न गाता, मात्र विशिष्ट तालात व चढ्या आवाजात, म्हणू शके. या नोंदीतील दुसरा तपशील, म्हणजे गाण्यावाचून केवळ तालाने शब्द बाहेर येणे, हा पहिल्याइतकाच मोलाचा आहे. तथापि त्याचे महत्त्व पटावयास अडीचशेहून अधिक वर्षे जावी लागली.

पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात १८६१ मध्ये मरण पावलेल्या, ‘तां’ एवढाच ध्वनी उच्चारू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू तपासून पॉल ब्रोका याने डाव्या ललाटखंडातील विकृती दाखवून दिली, तेव्हापासून वाणीचे स्थान डाव्या गोलार्धात मानले जाऊ लागले. त्यानंतर थोड्याच काळात इंग्लंडमधील जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन याने वाणीचे दोन प्रकार वेगळे केले: प्रसंग पाहून नवे विधान रचणारी वाणी, आणि शपथा, प्रार्थना, पाठांतर यांसारखी आपोआप उमटणारी वाणी. वाचाघातात पहिली नष्ट होऊनही दुसरी टिकू शकते. म्हणूनच रुग्णाला गाता येऊ लागले म्हणजे तो बोलू लागला, असे समजणे ही मोठी चूक आहे. पाठ असलेले गाणे हा साठा आहे, भाषा नव्हे. त्या साठ्यापासून स्वतःच्या इच्छेने बोललेल्या वाक्यापर्यंत जो मार्ग बांधावा लागतो, तो बांधण्याची रीत म्हणजे गायनोपचार होय.

बॉस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात मार्टिन अल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स आणि नॅन्सी हेल्म यांनी ही रीत आखली. उपचारक रुग्णासमोर बसून दोन-तीन अक्षरांचे, रुग्णाच्या रोजच्या उपयोगाचे वाक्य निवडतो आणि ते केवळ दोन स्वरांत गुणगुणतो. या दोन स्वरांतील अंतर सामान्यतः षड्ज आणि कोमल गंधार यांच्यामधील अंतराएवढे असते. त्याच वेळी तो रुग्णाच्या डाव्या हातावर प्रत्येक अक्षरागणिक एक हलका ठोका देतो. प्रथम रुग्ण नुसता ऐकतो, मग उपचारकासह म्हणतो. पुढे उपचारक मध्येच थांबतो आणि उरलेले वाक्य रुग्ण एकटा पुरे करतो. त्यानंतर ऐकलेले वाक्य तो स्वतः पुन्हा म्हणतो, आणि अखेरीस प्रश्नाचे उत्तर म्हणून तेच वाक्य उच्चारतो. वाक्ये क्रमाने लांबत जातात, ऐकणे आणि म्हणणे यांतील विराम वाढविला जातो, सूर पुसट होत जातो, आणि शेवटच्या पायरीवर केवळ बोलणे उरते. परिचित गीतांच्या चाली या पद्धतीत हेतुपुरस्सर टाळल्या जातात. कारण ओळखीची चाल कानी पडताच रुग्णाच्या मुखी जुने शब्द धावून येतात आणि नवे वाक्य मागे राहते. उपचार सघन असावा लागतो: बॉस्टनमध्येच पुढे गॉटफ्रीड श्लाउग यांनी तो आठवड्यातून ५ दिवस, दररोज दीड तास, याप्रमाणे सुमारे ७५ बैठकींपर्यंत चालविला.

हा उपचार का फळतो, याविषयी अद्याप एकमत नाही. गाण्याच्या द्वारे अबाधित असलेला उजवा गोलार्ध वाणीचे काम हाती घेतो, ही मूळ उपपत्ती. श्लाउग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये उजव्या गोलार्धातील, श्रवणाचे व उच्चाराचे प्रदेश जोडणारा तंतुपथ उपचारानंतर वाढल्याचे दाखविले, ते या उपपत्तीस पोषक आहे. परंतु त्यांचे रुग्ण अवघे ६ होते. उलट फ्रान्समध्ये पास्काल बेलँ यांच्या गटास १९९६ मध्ये डाव्या गोलार्धातील ब्रोकाचेच क्षेत्र पुन्हा कार्यरत झालेले आढळले. जर्मनीतील बेंजामिन श्टाल यांनी २०११ मध्ये १७ रुग्णांची परीक्षा घेऊन असे प्रतिपादिले, की शब्द बाहेर पडण्यास गाण्यापेक्षा ताल आणि अंगवळणी पडलेली शब्दयोजना हीच अधिक कारणीभूत असतात. दालिनच्या रुग्णाच्या तालबद्ध प्रार्थना येथे सहज आठवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते तालाची बाजू अधिक बळकट आहे, पण रुग्णाला पहिला शब्द उच्चारण्याचे धैर्य सुराने येते, हेही नाकारता येत नाही.

अमेरिकन ॲकॅडेमी ऑफ न्यूरॉलॉजी या संस्थेने १९९४ मध्ये या पद्धतीस आशादायक ठरविले. तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. सराव केलेली वाक्ये चांगली सुधारतात, सराव न केलेल्या वाक्यांवर परिणाम कमी दिसतो; आणि ज्या वाचाघातात ओघ शाबूत राहून अर्थाचे आकलनच ढासळते, त्यात हा उपचार उपयोगी पडत नाही. केवळ संगीतश्रवणाचा गुण वेगळा आहे. टेप्पो सार्कामो यांनी हेलसिंकी येथे ६० रुग्णांवर केलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्षाघातानंतर लगेच दररोज आवडीचे संगीत ऐकणाऱ्यांची शाब्दिक स्मृती आणि अवधान ही इतरांहून अधिक सुधारली.

भाषा बदलली की पद्धतीही बदलावी लागते. इराणमध्ये फार्सीभाषक रुग्णांसाठी ती त्या भाषेच्या उच्चाररीतीस अनुरूप करून घेण्यात आली, व तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजीत आघातयुक्त अक्षरास वरचा स्वर दिला जातो. मराठीत आघाताने अर्थभेद होत नाही, म्हणून वाक्याचा नैसर्गिक चढउतार आणि लघुगुरू मात्रा यांवर स्वरयोजना आधारणे सयुक्तिक ठरेल. ‘पाणी दे’, ‘डोकं दुखतं’, ‘ताई, इकडे ये’ ही वाक्ये त्यास सोयीची आहेत. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण यांच्या विकारांसाठी काम करते, आणि मोठ्या रुग्णालयांतून वाचोपचारतज्ज्ञ उपलब्ध असतात. रुग्णाची प्रकृती स्थिर होताच त्यांची गाठ घ्यावी, आणि जाताना घरच्यांनी रुग्ण कोणती नावे दिवसातून अनेकदा घेत असे, काय मागत असे, कोणाला कशी हाक मारीत असे, याची यादी लिहून सोबत न्यावी. उपचाराची पहिली वाक्ये तीतूनच निवडावयाची असतात.