सर्वतोभद्राचीं ३२४ घरें

जुन्या कागदांचा शोध करणाऱ्याच्या हातीं सनद किंवा बखर लागली म्हणजे तो ती जपून बांधून ठेवतो. याज्ञिकीच्या रुमालांतून निघालेलें, घरें आंखलेलें सुटें पान मात्र बहुधा बाजूस पडतें. तें कां पडूं देऊं नये, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

व्रताच्या उद्यापनांत सर्वतोभद्र मंडल मांडतात. १९ उभ्या व १९ आडव्या रेघांनीं ३२४ घरें पडतात. प्रचलित विधीप्रमाणें चारहि कोपऱ्यांत खंडेंदु ३ घरांचा व शृंखला ५ घरांची. वल्ली आठ, प्रत्येकी ११ घरांच्या. भद्रें आठ, प्रत्येकीं ९ घरांचीं. वापी चार, प्रत्येकी २४ घरांच्या. नंतर २० घरांचा परिधि, व मध्यें १६ घरांत अष्टदल कमळ. बेरीज करून पाहावी: १२, २०, ८८, ७२, ९६, २० व १६ मिळून बरोबर ३२४. एखाद्या नकलेंत वापी २० घरांची लिहिली असल्यास १६ घरें रिकामीं राहतात व लेखकूचा प्रमाद तत्काळ उघडकीस येतो. असा अंगचाच ताळा फार थोड्या ग्रंथांस असतो.

परंतु वल्ली कोणत्या अंगानें चढवावी, भद्र तिला कोठें भिडावें, हें संख्येवरून कळत नाहीं. तें आकृतीच सांगते. म्हणून पानावांचून पोथी अर्धीच समजावी.

भूमीवरील चूर्णचित्राची परंपरा या भागांत जुनी आहे. कळंबच्या आग्नेयेस, फार दूर नसलेल्या कल्याणीस राज्य करणारा चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६–११३८) याच्या मानसोल्लासांत धूलिचित्र हा चित्राचा निराळा प्रकार सांगितला आहे. खुद्द कळंब तालुक्यांत येरमाळ्यास येडेश्वरीचें स्थान आहे, आणि धाराशिव जिल्ह्यांतच दक्षिणेस तुळजापूर. देवीच्या या प्रदेशांत गोंधळाचा चौक वस्त्रावर धान्यानें भरून त्यावर घट मांडतात. त्याचा आधार पोथी नव्हे, गोंधळ्याचा हात.

मंडल भरणाराचें चित्त स्थिर होतें, हा अनुभव कोणींहि घ्यावा. तांदूळ, मसूर, मूग, हरभऱ्याची डाळ चिमटीनें घरांत बसवितांना मोजणी चुकूं नये म्हणून बोलणें आपोआप थांबतें. स्विस मानसशास्त्रज्ञ युंग हा १९१८-१९ च्या सुमारास रोज सकाळीं वर्तुळाकार चित्र काढी, व त्यांत स्वतःच्या मनाची त्या दिवसाची स्थिति पाही. त्याचें वर्तुळ मोकळें होतें. आमच्या मंडलांत घर एकहि वाढवितां येत नाहीं. तथापि कमळाच्या पाकळीची वळण, रंगांची निवड व हाताची सफाई यांत भरणाराचें स्वत्व दिसतेंच, आणि प्रस्तुत लेखकास हें बंधनांतील स्वातंत्र्य अधिक रुचतें.

संग्राहकांनीं असें पान त्याच्या पोथीपासून वेगळें करूं नये. सूचींत घरांची संख्या व रंग नोंदवावे. पानावरचे रंगाचे ठिपकेहि पुसूं नयेत. अक्षरांत न उतरलेला क्रम त्यांत राहिला असणें शक्य आहे.