पोटनिवडणूक, लोकसभेची

सदस्याचे निधन, राजीनामा किंवा अपात्रता यांमुळे मुदतीआधी रिकाम्या झालेल्या लोकसभेच्या जागेसाठी घेतली जाणारी निवडणूक. विजयी उमेदवाराला सभागृहाचा उरलेला काळच मिळतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये १९९६ साली घातलेल्या कलम १५१-क नुसार जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत मतदान घ्यावे लागते. सदस्याची उर्वरित मुदत एक वर्षाहून कमी असेल, किंवा त्या अवधीत निवडणूक घेणे कठीण असल्याचे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले, तर सूट मिळते.

या सुटीचा वापर पुण्यात वादग्रस्त ठरला. तेथील खासदार गिरीश बापट यांचे २९ मार्च २०२३ रोजी निधन झाले; लोकसभेची मुदत वर्षाहून अधिक उरलेली असूनही मतदान झाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक घेण्याचा आदेश दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये त्याला स्थगिती दिली. एवढे मोठे शहर वर्षभर खासदाराविना राहणे अन्यायाचेच होते.

पोटनिवडणुकीतून मंत्र्याला लोकसभेत येण्याची वाटही मिळते: यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाल्यावर १९६३ साली नाशिकच्या पोटनिवडणुकीतून बिनविरोध लोकसभेत गेले.